अपघाताचा दावा आणि वहीतील सत्य

दीपावलीच्या दिवशी, भगवान महावीरांच्या निर्वाणाचे स्मरण करून, व्यापारी घरांत वहीपूजन होते. कोऱ्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते आणि नव्या वर्षाचा पहिला आकडा लिहिला जातो. त्या वहीचे नित्याचे काम जमाखर्च सांगण्याचे. परंतु घरातील कर्ता माणूस रस्त्यावर ट्रकच्या धडकेने जायबंदी झाला, तर तीच वही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे उघडली जाते. तिच्यात जे खरे लिहिले असेल तेवढेच तेथे घराच्या बाजूने बोलते. जे लिहिलेच नाही, त्याला तेथे वाचा नसते.

पुरावा गोळा करणे हे वकिलाचे काम, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. वकिलाकडे कागद पोहोचेपर्यंत रस्त्यावरचा पुरावा पुसला गेलेला असतो. उत्पन्नाचा पुरावा तर अपघाताच्या आधीच्या वर्षांत तयार झालेला असतो, किंवा झालेलाच नसतो. म्हणून हा विषय कोर्टकचेरीचा मानून बाजूला न सारता प्रत्येक व्यापारी कुटुंबाने वेळीच समजून घ्यावा, असा आहे.

विषय स्पष्ट होण्यासाठी एक उदाहरण कल्पावे. इचलकरंजीतील ४२ वर्षे वयाचा एक कापड व्यापारी उधारीच्या वसुलीसाठी दुचाकीवरून कोल्हापूरकडे निघाला आहे. महामार्गावर मागून आलेल्या मालवाहू ट्रकने त्याला धडक दिली. डाव्या मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया होऊन आत पट्टी बसली, आणि सहा महिन्यांनीही गुडघा पुरता वाकत नाही. दुकान पत्नी आणि धाकटा भाऊ कसेबसे चालवीत आहेत. या घराला आपले नुकसान भरून मागण्याचा अधिकार आहे. प्रश्न एवढाच, की ते नुकसान ते सिद्ध करू शकेल काय?

क्षमा आणि दावा

पहिला अडथळा बहुधा मनातच उभा राहतो. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, ‘संवत्सरीला साऱ्या जिवांची क्षमा मागायची आणि इकडे त्या गरीब चालकावर दावा लावायचा, हे बरे दिसते का?’ या प्रश्नामागील भावना वंदनीय आहे. मात्र तीत एक गैरसमज मिसळला आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाचा त्रयस्थासाठी विमा, म्हणजेच थर्ड पार्टी विमा, असणे बंधनकारक आहे. ट्रकमालक दरवर्षी त्याचा हप्ता भरतो तो अशाच प्रसंगासाठी. विमा चालू असेल तर भरपाईची रक्कम विमा कंपनी देते. चालकाच्या चुलीवरचे भांडे उतरवून ती आणली जात नाही. चालकाविषयी मनात वैर न ठेवणे ही क्षमा. मुलांच्या शिक्षणासाठी आणि पुढील औषधोपचारासाठी कायद्याने ठेवलेली तरतूद मागणे हे गृहस्थाचे कर्तव्य. दोन्ही गोष्टी एकाच घरात सुखाने नांदू शकतात.

दुसरा अडथळा ‘जागेवर मिटवून टाकण्याचा’. ट्रकमालकाचा माणूस रुग्णालयात येतो, हातावर वीस-पंचवीस हजार ठेवतो आणि ‘काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही घेतो. त्या दिवशी कुणालाच ठाऊक नसते, की हाड जुळणार नाही, दुसरी शस्त्रक्रिया लागेल, जखमेत पू होईल. पोलिसांत नोंद झालेली नसते, ट्रक केव्हाच परराज्यात गेलेला असतो आणि सहीचा कागद मात्र समोरच्या बाजूकडे असतो. जखम किती खोल आहे हे समजण्यापूर्वी तिची किंमत ठरविण्याचा सौदा कोणताही जाणता व्यापारी करणार नाही.

पहिले दोन दिवस

जखमीचा प्राण वाचविणे हे पहिले काम. त्यात कोणतीही तडजोड नको. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मे २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, योजनेतील रुग्णालयात पैसे न भरता उपचार मिळू शकतात. रुग्णालयात दाखल करताना ‘रस्त्यावर ट्रकच्या धडकेने जखमी’ असे कारण केसपेपरवर नोंदवून घ्यावे. घाईत कुणी ‘घसरून पडले’ असे सांगते आणि तेच शब्द वर्षभराने दाव्याच्या आड येतात.

जखमीजवळ एक माणूस थांबला, की दुसऱ्याने घटनास्थळी जावे. वाहने हलविण्यापूर्वी शक्य झाल्यास मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत: ट्रकची पुढची व मागची नंबरपाटी, दारावर लिहिलेले ट्रान्सपोर्टचे नाव, रस्त्यावरील टायरच्या खुणा, फुटलेली काच, दुचाकीची अवस्था, आणि थोड्या अंतरावरून संपूर्ण रस्ता. अंधारात, दिवे न लावता उभ्या असलेल्या ट्रकवर दुचाकी आदळली असेल, तर ट्रकची मागची बाजू अवश्य टिपावी. मागचे दिवे होते का, परावर्तक पट्टी होती का, सावधानतेचा त्रिकोण ठेवला होता का, यावरच सारा दावा फिरतो. इतरांना धोका होईल अशा स्थितीत वाहन उभे करणे कलम १२२ नुसार निषिद्ध आहे.

आसपासचा पेट्रोल पंप, ढाबा, दुकान, टोलनाका यांच्या कॅमेऱ्यांत धडक किंवा निदान ट्रकचा मार्ग टिपला गेलेला असू शकतो. हे चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाऊन त्यावर नवे चढते. म्हणून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मालकाला लेखी विनंती द्यावी, तिची पोच घ्यावी आणि पोलिसांनाही त्या कॅमेऱ्याची माहिती लेखी कळवावी. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत विहित प्रमाणपत्र लागते. ज्या मोबाइलवर छायाचित्रे घेतली, तो मोबाइल विकू नये आणि मूळ छायाचित्रे त्यातून काढून टाकू नयेत. एकमेकांना पाठवून पाठवून पुसट झालेली प्रत मूळ चित्राची जागा घेऊ शकत नाही.

साक्षीदार मिळणे सर्वांत कठीण, कारण ‘पोलिसांच्या लफड्यात कोण पडणार’ ही भीती. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेले कलम १३४-अ ही भीती दूर करते. सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. साक्षीदाराचे नाव आणि दूरध्वनी नम्रपणे विचारून घ्यावा, त्याने काय पाहिले ते त्याच दिवशी लिहून ठेवावे. त्याला शब्द पढविण्याचा मोह मात्र टाळावा. पढविलेला साक्षीदार उलटतपासणीत दोन प्रश्नांत उघडा पडतो.

पोलिसांचे कागद

फिर्याद शक्य तितक्या लवकर नोंदवावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्याच्या हद्दीतील असला, तरी माहिती नोंदवून घेतली जाते, आणि नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. फिर्यादीत ट्रकचा क्रमांक, दिशा, वेळ आणि ठिकाण अचूक असावे. जे पाहिले नाही ते लिहू नये. उशीर झालाच, तर त्याचे खरे कारण, उदाहरणार्थ शस्त्रक्रिया चालू होती, हे फिर्यादीतच नमूद करावे.

त्यानंतर घटनास्थळाचा पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, मोटार वाहन निरीक्षकाचा वाहन तपासणी अहवाल, जखमेचे प्रमाणपत्र आणि अखेरीस दोषारोपपत्र, या सर्वांच्या प्रती मिळवाव्यात. पंचनाम्यातील रस्त्याची रुंदी, धडकेची जागा, वाहनांची दिशा या साध्या दिसणाऱ्या नोंदींवरून चूक कुणाची, हे ठरते. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत प्राथमिक अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. कुटुंबाने या तारखा दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात आणि अहवाल गेला का, याची सौजन्याने पण नेमाने चौकशी करावी.

दाव्यात फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही, हेही लक्षात ठेवावे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले, की अपघाताच्या दाव्यात शक्यतांचा तोल कोणत्या बाजूला झुकतो, एवढे पाहणे पुरेसे आहे. चालक फौजदारी न्यायालयात सुटला म्हणून दावा बुडाला, असे समजून कुणी निराश होऊ नये.

ट्रकचे कागद

ट्रकच्या बाबतीत व्यापारी कुटुंबाला एक स्वाभाविक लाभ आहे: माल कसा चालतो, हे त्याला ठाऊक असते. ट्रक रिकामा नसेल, तर त्याची बिल्टी आहे. आंतरराज्य माल पन्नास हजारांहून अधिक किमतीचा असेल, तर सामान्यतः ई-वे बिल आहे आणि त्यावर वाहनाचा क्रमांक आहे. वजनकाट्याची पावती आहे. फास्टॅगमुळे कोणत्या टोलनाक्यावरून तो किती वाजता गेला, याची नोंद आहे. दोन नाक्यांमधील अंतर आणि वेळ जुळविली, की सरासरी वेग समजतो. माल कुठे, केव्हा भरला आणि चालक सलग किती तास चाकावर होता, हेही उलगडते. चालकाचे काम सामान्यतः दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास, या मर्यादेत असायला हवे.

हे कागद जखमीच्या हाती नसतात. ते ट्रकमालक, ट्रान्सपोर्ट आणि टोलचालक यांच्याकडे असतात. त्यांना ते जपून ठेवण्याविषयी वकिलामार्फत लेखी सूचना वेळीच द्यावी. पुढे न्यायाधिकरण ते मागवू शकते. कलम १६९ नुसार साक्षीदार आणि कागद बोलाविण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्याला आहेत. ट्रकच्या विम्याची मुदत, फिटनेस आणि परवाना यांची माहिती वाहन क्रमांकावरून परिवहन खात्याच्या अधिकृत ॲपवर पाहता येते. दिसलेली माहिती त्याच दिवशी टिपून ठेवावी.

चालकाकडे वैध परवाना नव्हता असे आढळले, तरी जखमीने हताश होऊ नये. अशा अनेक प्रसंगी विमा कंपनीने आधी जखमीला रक्कम द्यावी आणि नंतर मालकाकडून वसूल करावी, असे आदेश झाले आहेत. ट्रक पळून गेला आणि त्याचा माग लागलाच नाही, तर कलम १६१ खालील योजनेत गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये आणि मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात. त्यासाठीचा अर्ज महसूल विभागातील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो.

रुग्णालयाची फाइल

बिलांचा ढीग म्हणजे पुरावा नव्हे. प्रत्येक औषधाच्या बिलामागे डॉक्टरांची चिठ्ठी हवी आणि बिल रुग्णाच्याच नावाने हवे. क्ष-किरण चित्रे, शस्त्रक्रियेची टिपणे, हाडात बसविलेल्या पट्टीची पावती, डिस्चार्ज कार्ड, फिजिओथेरपीची हजेरी, रुग्णालयात जाण्या-येण्याचा खर्च, सांभाळण्यासाठी ठेवलेल्या माणसाचा पगार, हे सर्व तारीखवार लावावे. मेडिक्लेमसाठी मूळ बिले विमा कंपनीला द्यावी लागतात. देण्यापूर्वी त्यांच्या साक्षांकित प्रती काढून ठेवाव्यात. मेडिक्लेमचे पैसे मिळाले म्हणून अपघात दाव्यातील वैद्यकीय खर्च कापता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे. ‘दोन्हीकडून मागणे योग्य का’ या शंकेने जी कुटुंबे मेडिक्लेम दडवून ठेवतात, त्यांनी तसे करू नये. जे मिळाले ते मोकळेपणाने सांगावे.

कायमच्या अपंगत्वाचे प्रमाणपत्र हा या फाइलीचा कणा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या निकालात समजावून सांगितले आहे, की अवयवाचे अपंगत्व आणि कमाईच्या शक्तीची हानी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पायाचे अपंगत्व ४० टक्के असले, तरी गल्ल्यावर बसून हिशेब करणाऱ्याची कमाई तितकी घटणार नाही. उलट, जो स्वतः तागे उचलतो, माळ्यावर चढतो, गावोगाव फिरून वसुली करतो, त्याची कमाई अधिक घटेल. म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष आणि व्यापाऱ्याच्या रोजच्या कामाचे प्रामाणिक वर्णन, दोन्ही लागतात. उपचारच न केलेल्या डॉक्टरांकडून टक्केवारी फुगवून आणलेल्या प्रमाणपत्रांविषयी त्याच निकालात न्यायाधिकरणांना सावध केले आहे.

उत्पन्न: जेथे दावा तोलला जातो

आता वरील उदाहरणातील व्यापाऱ्याचा हिशेब पाहावा. त्याने दरवर्षी ४,८०,००० रुपयांचे उत्पन्न आयकर विवरणपत्रात दाखविले असल्याचे समजू, आणि कमाईच्या शक्तीची हानी २५ टक्के ठरली असे धरू. २०१७ च्या घटनापीठाच्या निकालानुसार ४० ते ५० वयोगटातील स्वतःचा धंदा करणाऱ्याच्या उत्पन्नात भविष्यातील वाढ म्हणून २५ टक्के मिळविले जातात. कायमच्या अपंगत्वाच्या दाव्यांनाही हे तत्त्व पुढे लावले गेले. म्हणजे वार्षिक ६,००,००० रुपये. त्याचे २५ टक्के म्हणजे १,५०,०००. २००९ च्या निकालातील सारणीप्रमाणे ४१ ते ४५ वयासाठी गुणक १४. भावी कमाईच्या हानीची रक्कम होते २१,००,००० रुपये. उपचारांचा खर्च, वेदना आणि बंद राहिलेले दिवस यांची भरपाई याखेरीज.

तोच व्यापारी, तीच जखम, पण विवरणपत्रात उत्पन्न २,४०,००० रुपये लिहिले असेल, तर हीच रक्कम १०,५०,००० रुपयांवर येते. खरी कमाई दुप्पट होती, असे तो न्यायाधिकरणात सांगू लागला, तर विमा कंपनीचे वकील एकच प्रश्न विचारतात: ‘मग सरकारला खोटे सांगितले, की आता येथे सांगत आहात?’ या प्रश्नाला उत्तर नाही. अपघातानंतर घाईने भरलेले वाढीव विवरणपत्रही संशयानेच पाहिले जाते. मागील तीन वर्षांची, वेळेवर भरलेली विवरणपत्रे हा उत्पन्नाचा भक्कम आधार आहे. विवरणपत्र हा कायद्याने मान्य केलेला दस्तऐवज असून त्यावर विसंबता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘विरुद्धराज्यातिक्रम’ सांगितला आहे. राज्याच्या नियमांचे उल्लंघन करून व्यवहार करणे, हा व्रताला लागणारा दोष. करचुकवेगिरीकडे ‘धंद्यात चालायचेच’ म्हणून पाहणाऱ्या घराला त्या दोषाची झळ एरवी जाणवत नाही. आपत्तीच्या दिवशी मात्र तोच दोष पत्नी-मुलांच्या वाट्यातून वजा होतो.

विवरणपत्रांबरोबर जीएसटीची मासिक विवरणे, बँकेचा उतारा, रोजमेळ आणि खातेवही ठेवावी. अपघातापूर्वीच्या बारा महिन्यांची उलाढाल आणि नंतरच्या बारा महिन्यांची उलाढाल शेजारी-शेजारी मांडली, की तोटा शब्दांवाचून दिसतो. कर्त्याच्या जागी काम करण्यासाठी माणूस ठेवला असेल, तर त्याचा पगार रोख न देता बँकेतून द्यावा.

जखमी व्यक्ती गृहिणी असेल, तर ‘तिची कमाई काय’ असा प्रश्न घरातलेच विचारतात. न्यायालयांनी तो प्रश्न केव्हाच मागे टाकला आहे. घर चालविण्याच्या श्रमाला आर्थिक मूल्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी, २०२१ च्या निकालातही, ठामपणे मांडले. ती दुकानाचे हिशेब पाहत असेल, घरगुती पापड-लोणच्यांचा व्यवसाय करीत असेल, तर त्याच्याही नोंदी जपाव्यात.

कूटलेखाचा मोह

दावा सुरू झाला, की सल्ला देणारे भेटतात. ‘थोडी बिले वाढवून आणू’, ‘साक्षीदार उभा करू’, ‘ट्रकचा नंबर मिळाला नाही तर दुसरा एखादा बघू’. सत्य अणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख तयार करणे, स्पष्टपणे मोजली आहे. व्यवहाराच्या दृष्टीनेही हा मार्ग आत्मघाताचा आहे. दहा खऱ्या बिलांत एक खोटे सापडले, की उरलेली नऊही डागाळतात, आणि फौजदारी कारवाईची टांगती तलवार वेगळीच. जखमीने हेल्मेट घातले नव्हते, दुचाकीवर तिघे होते, अशी काही चूक असेल, तर ती वकिलापासून लपवू नये. स्वतःच्या चुकीच्या प्रमाणात रक्कम कमी होऊ शकते; पण लपविलेली चूक उघड झाली, की विश्वासच जातो.

रुग्णालयाच्या आवारात फिरणाऱ्या दलालांच्या हाती कोरे वकालतनामे सही करून देऊ नयेत. ‘मिळेल त्यातील इतके टक्के’ अशी फी ठरविणे वकिलांच्या व्यावसायिक नियमांत बसत नाही.

स्वतःचा ट्रक असेल तेव्हा

समाजातील अनेक कुटुंबांचे स्वतःचे टेम्पो, ट्रक आहेत. ज्यांचे नाहीत, त्यांचा माल दुसऱ्याच्या ट्रकमधून जातो. उद्या रस्त्यावर पडलेला माणूस आपल्या मालाखाली सापडलेला असू शकतो. अहिंसा अणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘अतिभारारोपण’ आहे. मुक्या जनावरावर शक्तीबाहेर ओझे लादू नये, हा त्याचा मूळ अर्थ. क्षमतेपेक्षा जास्त माल भरलेली गाडी आणि रात्रभर झोप न मिळालेला चालक यांना तो लागू नाही, असे कोण म्हणेल? विमा, फिटनेस, चालकाचा परवाना यांची मुदत तपासत राहणे, काट्याची पावती खरी ठेवणे, आणि अपघात झालाच तर चालकाला पळून न जाण्याची, जखमीला रुग्णालयात नेण्याची सक्त ताकीद देणे, ही मालकाची जबाबदारी आहे. आपण जखमी असताना जो पुरावा समोरच्याने जपावा असे वाटते, तोच पुरावा आपण मालक असताना जपणे, हाच या व्यवहारातील धर्म.

विहारातील अपघात

पायी विहार करणाऱ्या साधु-साध्वींना वाहनांची धडक बसल्याच्या वार्ता समाजाने अनेकदा ऐकल्या आहेत. अशा वेळी संघ उपचारांत आणि शोकात बुडतो, आणि पुरावा कोणीच जपत नाही. भरपाई मागावी की नाही, हा निर्णय अपरिग्रही साधूंचा आणि त्यांच्या गुरुजनांचा. फिर्याद, पंचनामा आणि छायाचित्रे यांचे काम मात्र विहारसेवेतील श्रावकांनी आपले मानावे. दोषी वाहन मोकळे सुटले, तर पुढील पहाटे त्याच रस्त्यावरून चालणारा दुसरा कोणी त्याची किंमत मोजतो.

मुदत आणि कपाटाची किल्ली

दावा अपघाताच्या ठिकाणी, जखमीच्या राहण्याच्या वा व्यवसायाच्या ठिकाणी, किंवा प्रतिवादीच्या ठिकाणी असलेल्या न्यायाधिकरणात दाखल करता येतो. त्यामुळे परराज्यात अपघात झाला, तरी घराजवळ न्याय मागता येतो. १ एप्रिल २०२२ पासून त्यासाठी अपघाताच्या दिनांकापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आहे. तरीही शहाण्याने सहा महिने हीच सीमा मानावी. आणखी एक सावधगिरी हवी. कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात. परंतु कलम १४९ च्या पद्धतीने ती रक्कम स्वीकारली, की कलम १६६ खालील मोठा दावा संपुष्टात येतो. उदाहरणातील व्यापाऱ्याने घाईत अशी सही केली, तर एकवीस लाखांचा मार्ग अडीच लाखांवरच थांबेल. सही करण्यापूर्वी वकिलाला विचारावे.

शेवटी एक साधी गोष्ट, जी अपघाताची वाट न पाहता करता येते. बहुतेक व्यापारी घरांत विवरणपत्रे, विमापत्रे, मेडिक्लेमचे कार्ड आणि बँकेचे कागद कोठे आहेत, हे फक्त कर्त्यालाच ठाऊक असते. तोच अतिदक्षता विभागात असला, की घर कागदांसाठी कपाटे धुंडाळीत बसते. या सर्वांची एक फाइल करावी, ती पत्नीला आणि जाणत्या मुलामुलींना दाखवावी आणि दरवर्षी विवरणपत्र भरल्यावर तिच्यात एक प्रत घालावी. त्या फाइलीतील प्रत्येक कागद खरा असावा. ती कधीच उघडावी लागू नये, हीच प्रार्थना. पण उघडावी लागलीच, तर आतील कागदांविषयी कोणालाही काही लपवावे लागू नये.